इशाकोले: खंड की खंडणी?

नायजेरियाच्या ओसुन राज्यात इफे आणि मोडाकेके ही गावं एकमेकांना खेटून आहेत. लोक दोन्हीकडचे योरुबा या एकाच समाजाचे, भाषा एक, सोयरिकीही होतात. तरी या दोन गावांचं जुनं भांडण आहे, आणि त्याला 'वांशिक' म्हणतात ते सवयीने. खरा वाद मूळचे कोण आणि उपरे कोण हा आहे.

19व्या शतकाच्या पूर्वार्धात ओयोचं साम्राज्य कोसळलं आणि तिथले निर्वासित इफेत आले. पुढे इफेच्या राजाने, म्हणजे ओनीने, त्यांना वेगळी वस्ती वसवून दिली. तिथल्या झाडावरच्या करकोच्यांच्या ओरडण्यावरून तिचं नाव मोडाकेके पडलं, असं सांगतात. इफे आणि मोडाकेकेत लढाया झाल्या, 1886च्या तहात वस्ती उठवायचं ठरलं, 1909 मध्ये ती उठलीही. काही वर्षांनी लोक परतले.

नंतरच्या भांडणाचं मूळ मात्र इशाकोले या एका शब्दात आहे. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याने मालकाला, म्हणजे इथे मोडाकेकेवाल्याने इफेवाल्याला, वर्षाकाठी द्यायचा हा वाटा. आपल्याकडे कूळ खंड देतं तसाच, पण त्याला खंडणीचाही वास आहे, कारण देणारा 'जमीन तुमची' हे दरवर्षी कबूल करतो. सुरणासारख्या कंदाचं, यामचं, पीक होतं तोवर चार कंद नेऊन दिले की भागायचं. मग कोको आला. याम हंगामात निघतो. कोकोचं झाड कित्येक दशकं उभं असतं. रिवाजानुसार झाड लावणाऱ्याचं आणि माती मालकाची, मग पैसा कोणाचा? कोकोचे भाव वधारले तसा 1940च्या दशकात हा वाद चिघळला. 1978च्या जमीन कायद्याने राज्यातली जमीन गव्हर्नरच्या ताब्यात दिली. मोडाकेकेवाले म्हणाले, आता मालकच उरला नाही, इशाकोले कशाचं? 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात रिवाजातली कूळवहिवाट कायम असल्याचं सांगितलं. कायद्याने ते बरोबर असेलही; पण ज्याच्या आजोबाने झाडं लावली त्याला हे पटावं कसं?

1981 आणि 1983 मध्ये रक्त सांडलं. 1997चा भडका तर एका कचेरीवरून उडाला. लष्करी राजवटीने इफे पूर्व हा नवा स्थानिक शासन विभाग केला आणि मोडाकेकेत ठरलेलं मुख्यालय इफेच्या ओके-ओग्बो भागात हलवलं. कचेरी म्हणजे नोकऱ्या, निधी आणि 'आम्हीही गाव आहोत' याचा शिक्का. जाळपोळ 2000 पर्यंत चालली.

त्यानंतर केंद्राने समिती नेमली, दोन्हीकडची माणसं एकत्र बसू लागली. मोडाकेकेला स्वतःचा विभाग हवा होता, पण देशाच्या 1999च्या घटनेत स्थानिक शासन विभागांची यादी नावानिशी आहे, त्यामुळे नवा विभाग काढणं राज्याच्या एकट्याच्या हातात नाही. मधला मार्ग म्हणून मोडाकेकेला इफे पूर्वचं क्षेत्रीय कार्यालय मिळालं. तिथल्या प्रमुखाला, ओगुनसुआला, पुढे राजाचा दर्जाही मिळाला. स्वतंत्र विभागाची मागणी मात्र अजून आहे, आणि त्या कार्यालयाच्या नावात आजही इफेच आहे.