भावनांचा पूर आणि १५ मिनिटांची वही

मन भरून आलं की लिहून काढ, असं सगळेच सांगतात. कधी थांबायचं, हे मात्र कोणी सांगत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

१९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी कॉलेजातल्या मुलामुलींना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. ज्यांनी आयुष्यातल्या एखाद्या आघातात काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. लिहून उठल्यावर लगेच मात्र त्यांना जास्तच उदास वाटत होतं, रक्तदाबही चढलेला होता. त्यामुळे पहिल्याच दिवशी हलकं वाटलं नाही म्हणून वही फेकू नका. नंतरच्या शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा सरासरी फायदा छोटाच निघाला. जादू नाही ही.

भावना अगदी उफाळलेली असताना, हात थरथरत असताना, लिहायला बसू नये. आधी श्वास शांत होऊ द्या. मग १५ मिनिटांचा गजर लावा आणि शुद्धलेखनाची फिकीर न करता लिहा. ‘कसंतरीच होतंय’ एवढ्यावर थांबू नका. ‘सगळ्यांसमोर चूक काढली तेव्हा अपमान वाटला, घरी येईपर्यंत त्याची चीड झाली’ इतकं नेमकं हवं. भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल मंदावते, असं २००७ साली मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं.

बिघडतं ते रवंथामुळे. तिसऱ्या दिवशीही तेच वाक्य, तोच ‘माझ्याच वाट्याला का’ उतरत असेल, तर लिहिणं जखम खाजवण्यासारखं होतं. तेव्हा ‘मी’ सोडून स्वतःचं नाव घालून, शेजाऱ्याची गोष्ट सांगावी तसं लिहून पाहा. लिखाणात ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आता लक्षात येतं’ असे शब्द दिवसागणिक वाढू लागले, तर गाडी रुळावर आहे.

झोपण्यापूर्वी जुनी दुखणी उकरू नयेत. त्या वेळी उद्याच्या कामांची यादी बरी. २०१८ च्या एका प्रयोगात ५ मिनिटं अशी यादी करणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोपी गेले.

कोणी वाचेल ही धास्ती असेल तर हात आखडतो. मग लिहून झाल्यावर पान फाडून टाका. लिहिताना तोल जातोय असं वाटलं तर गजराची वाट न पाहता थांबा. आणि जीव नकोसा झाल्याचे विचार उतरू लागले, तर वही तशीच ठेवून त्याच क्षणी जवळच्या माणसाला किंवा डॉक्टरांना फोन करा.