चूळ भरल्यावर आकडा का वाढला?

गणपतीला मुंबईहून आलेल्या भाच्याने आचऱ्याच्या घरी पेनाएवढं एक यंत्र आणलं होतं. त्याच्या टोकावर फुंकर मारली की तोंडाला किती वास येतो ते शून्य ते पाच अशा आकड्यात दिसतं. ओटीवर सगळ्यांनी फुंकून बघितलं. माझा आकडा दोन आला. मी आत जाऊन माउथवॉशने खळखळून चूळ भरली, परत फुंकर मारली, तर आकडा पाच! "चूळ भरल्यार वास वाढलो कसो?" काकीने विचारलं आणि यंत्र खोटं ठरवून सगळी आरतीला उठली.

यंत्र खोटं नव्हतं. माउथवॉशमध्ये अल्कोहोल होतं, आणि त्या यंत्राने तेच मोजलं.

आधी वासाबद्दल. तोंडाचा वास पोटातून येतो, पोट साफ केलं की जातो, असं आपल्याकडे सर्रास मानतात. बहुतेक माणसांत तो तोंडातच तयार होतो. जिभेच्या मागच्या भागावर साचलेला थर आणि दात-हिरड्यांमधल्या फटी इथे हवा फारशी पोचत नाही. ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणू तिथे अन्नातली, लाळेतली आणि झडलेल्या पेशींतली प्रथिनं फोडत असतात. प्रथिनांतल्या सिस्टीन आणि मेथिओनीन या दोन अमिनो आम्लांमध्ये गंधक असतो. सिस्टीनपासून हायड्रोजन सल्फाइड होतो, मेथिओनीनपासून मिथाइल मरकॅप्टन. पहिला आपल्या ओळखीचा आहे. ओहोटीला खाडीचा काळा चिखल उघडा पडला की नाकात शिरतो तोच. दुसऱ्याचा सख्खा भाऊ, इथाइल मरकॅप्टन, सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळतात. रात्री लाळ कमी सुटते, धुऊन काही जात नाही, म्हणून सकाळचं तोंड सर्वांचंच वासतं.

आता यंत्राच्या पोटात काय आहे ते. मला सगळ्यांत आवडणारा भाग हाच. अशा लहान यंत्रांत बहुधा कथिलाच्या ऑक्साइडचा एक कण-कण जोडलेला बारीक थर असतो. कथील म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करताना लावतात तेच. त्याचं ऑक्साइड अर्धवाहक आहे, म्हणजे त्यातून वीज जाते, पण बेताची. एक चिमुकला तापक हा थर सुमारे तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. एवढ्या उष्णतेत हवेतला ऑक्सिजन कणांच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि कणातले इलेक्ट्रॉन ओढून स्वतःकडे धरून ठेवतो. प्रत्येक कणाच्या कडेला इलेक्ट्रॉन नसलेली एक साल तयार होते. दोन कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे या साली समोरासमोर येतात, आणि इलेक्ट्रॉनला या कणातून त्या कणात जायचं तर मधे बांध उभा राहतो. थराचा विद्युतरोध वाढतो.

आता फुंकर मारा. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू तापलेल्या पृष्ठभागावर येतो, तिथल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, त्याचं पाणी आणि सल्फर डायऑक्साइड होऊन ते उडून जातं. ऑक्सिजनने धरून ठेवलेले इलेक्ट्रॉन कणाला परत मिळतात. साल पातळ होते, बांध खाली येतो. बांधाची उंची थोडीशी उतरली तरी तो ओलांडणारे इलेक्ट्रॉन कित्येक पटींनी वाढतात, कारण हे नातं सरळ रेषेचं नसून घातांकी आहे. म्हणून हवेत अगदी नगण्य असलेला वायूही विद्युतरोधात ठळक फरक पाडतो. रोध किती घसरला, त्यावरून पडद्यावर आकडा येतो. अल्कोहोलचा रेणूही त्या ऑक्सिजनशी असाच जळतो. थराला गंधक कळत नाही, त्याला फक्त परत आलेले इलेक्ट्रॉन कळतात. माझे दोनाचे पाच झाले ते असे. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये या संवेदकासाठी पेटंटचा अर्ज केला तो घरातल्या गॅसची गळती ओळखण्यासाठी होता, आणि जळणारा कुठलाही वायू ओळखणं हेच त्याचं काम होतं.

पाण्याची वाफही हा रोध कमी करते. भाद्रपदात आपल्याकडे पापड डब्यातून काढला की दहा मिनिटांत मऊ पडतो, अशा हवेत आकडा डळमळणारच.

दवाखान्यांत वापरतात ती उपकरणं अधिक नेमकी असतात. हॅलिमीटरमध्ये विद्युतरासायनिक संवेदक असतो. त्याला हायड्रोजन सल्फाइड चांगला कळतो, मिथाइल मरकॅप्टन कमी. ओरलक्रोमा हे जपानी यंत्र श्वासाचा नमुना एका नळीतून पाठवून तीन वायू वेगळे करतं आणि प्रत्येकाचं माप देतं. त्यात वास जाणवू लागण्याची मर्यादा हायड्रोजन सल्फाइडसाठी अब्ज भागांत ११२ भाग धरतात, मिथाइल मरकॅप्टनसाठी २६ आणि डायमिथाइल सल्फाइडसाठी अवघे ८. हा तिसरा बऱ्याचदा रक्तातून फुप्फुसांत आलेला असतो, तो जास्त निघाला तर कारण तोंडाबाहेर शोधावं लागतं.

आणि काही वास गंधकाचे नसतातच. विसर्जनानंतर घरात बांगडे आले, काकी तिरफळं घालून तिखलं करायला बसली. मासळीचा तो वास ट्रायमिथाइल अमाइनचा, त्यात नायट्रोजन असतो. काकीने हाताला कोकम चोळलं की वास जातो, कारण कोकमातलं आम्ल अमाइनचं क्षार करून टाकतं आणि क्षार हवेत उडत नाही. काही माणसांच्या यकृतात हे अमाइन पचवणारं विकर जन्मतः दुबळं असतं. त्यांच्या श्वासाला आणि घामाला मासळीचा वास येतो. फक्त गंधकाचे वायू मोजणारं यंत्र अशा माणसाला "काही नाही" म्हणेल, आणि लोक त्याला वेड्यात काढतील. हे मला फार लागतं. म्हणून आजही खात्रीची कसोटी प्रशिक्षित माणसाच्या नाकाचीच मानतात, शून्य ते पाच गुणांची.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मशेरीने दात घट्ट होतात आणि तोंड स्वच्छ राहतं, असं आमच्या घरांत अजून सांगतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती वास झाकते, हिरड्या सोलते आणि तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होतो.

असं यंत्र घरात असेल तर सकाळी दात घासण्याआधी, रोज त्याच वेळी, आदल्या रात्री लसणीची चटणी टाळून वापरावं. आधी तीनेक मिनिटं तोंड मिटून ठेवावं, अत्तर आणि सॅनिटायझर लांब ठेवावं. एका आकड्यावर जाऊ नये, आठवडाभराचे बघावेत. काकांचे मी असे सात दिवस लिहून ठेवले, चाराच्या खाली एकदाही आले नाहीत. कणकवलीला दाताच्या डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत घातली. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं. काकांच्या खालच्या दाढेपाशी ती सहापर्यंत आत गेली.