फुल फ्रेम आणि फरशीवरचा पाऊस

नाटकाच्या प्रयोगाचे फोटो काढून घरी आलो की पहिला अर्धा तास हळहळण्यात जातो. रंगमंचावर निळसर अंधार, नायिका खिडकीपाशी, प्रसंग सुंदर. कॉम्प्युटरवर मोठं करून पाहावं तर तिच्या गालावर रवा सांडलेला. हे दाणे म्हणजे ‘नॉइज’. कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप म्हणजे सेन्सर. माझा कॅमेरा क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरचा, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४. मित्रमंडळींचा सल्ला एकमुखी होता, “आता फुल फ्रेमवर जा.” बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, आणि जोडीच्या दोन लेन्सेस धरल्या तर त्या पैशात एक चांगली मोटरसायकल येते, म्हणून आधी तीन दिवसांसाठी कॅमेरा भाड्यानं आणला.

दाणे येतात कुठून, ते पाहायला वळवाची पहिली सर बरी. अंगणातल्या शहाबादी फरश्यांवर पाऊस सगळीकडे सारखाच पडत असतो, तरी एका फरशीवर सहा थेंब दिसतात आणि शेजारच्या फरशीवर बारा. सरासरी ९ थेंबांची असेल तर एका फरशीत आणि दुसरीत साधारण ३ थेंबांचा कमीजास्तपणा येतोच. ९ चं वर्गमूळ ३, हा योगायोग नाही. आपल्या मर्जीनं, सुटे सुटे पडणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा हा नियम आहे. ९ मध्ये ३ म्हणजे तिसरा हिस्सा, म्हणून अंगण ठिपकेदार दिसतं. सर वाढली आणि सरासरी ९०० वर गेली की चढउतार ३० चा होतो, म्हणजे जेमतेम तिसावा हिस्सा. मग सगळ्या फरश्या सारख्याच ओल्या.

प्रकाशही असाच थेंबाथेंबानं, फोटॉनच्या रूपात येतो. भर उन्हात मुसळधार, नाट्यगृहात भुरभुर. कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची गडबड असते, पण आजच्या चांगल्या सेन्सरमध्ये ती पिक्सेलमागे मोजक्या इलेक्ट्रॉनांची असते. अगदी काळ्या सावल्या सोडल्या तर गालावरचा रवा उजेडातूनच आलेला असतो. चित्र किती उजळ करायचं ते ठरवणारा कॅमेऱ्यातला आकडा म्हणजे आयएसओ. ‘आयएसओ वाढवला म्हणून दाणे आले’ असं आपण म्हणतो. दाणे येतात पाऊस कमी पडला म्हणून. आयएसओ तो थोडा पाऊस फक्त उजळ करून दाखवतो.

मोठा सेन्सर म्हणजे मोठं अंगण. ३६ गुणिले २४ म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर, माझ्या कॅमेऱ्याचं क्षेत्रफळ ३६७ च्या आसपास. म्हणजे २.३५ पट, फोटोग्राफरांच्या भाषेत सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). तेवढ्याच एफ-आकड्यावर (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा, तो लहान तितकं छिद्र मोठं), तेवढ्याच शटरला, म्हणजे उजेड आत घ्यायच्या तेवढ्याच वेळात, तोच देखावा टिपला तर वर्गमूळाच्या हिशेबानं फुल फ्रेमचं चित्र दीडपट स्वच्छ निघतं. हे ऐकून मी जवळजवळ कार्ड पुढे केलं होतं.

थोडं विषयांतर. ३६ बाय २४ या मापात पवित्र असं काही नाही. जर्मनीत वेट्झलारला लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा तंत्रज्ञ होता. त्यानं सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, सिनेमाची १८ बाय २४ ची चौकट दुप्पट केली आणि खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. तोच पुढे १९२५ मध्ये लाइका म्हणून बाजारात आला. त्या काळी फिल्मऐवजी मोठ्या काचेच्या प्लेट्सवर फोटो घेणाऱ्या फोटोग्राफरांना हे माप चिमुकलं वाटे. जर्मन भाषेत त्याला आजही ‘क्लाइनबिल्ड’, म्हणजे छोटं चित्र, म्हणतात. आपण त्यालाच ‘फुल’ म्हणून मोटरसायकलचे पैसे मोजतो.

आता खरी अडचण. अंगण कितीही मोठं केलं तरी पाऊस येणार लेन्सच्या छिद्रातून. त्या छिद्राचा व्यास काढायला फोकल लांबीला (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा, तो मोठा तितका देखावा जवळ दिसतो) एफ-आकड्यानं भागायचं. क्रॉपवर ३५ मिलिमीटरची लेन्स एफ १.८ ला उघडली तर छिद्र १९.४ मिलिमीटरचं. फुल फ्रेमवर तेवढाच देखावा बसवायला साधारण ५२ मिलिमीटरची लेन्स लागते, आणि ती एफ २.७ ला ठेवली की छिद्र पुन्हा तेवढंच. छिद्र सारखं म्हणजे आत आलेला उजेड सारखा, पार्श्वभूमीचा धूसरपणा सारखा, दाणेही जवळपास सारखे. मोठ्या अंगणावर तोच पाऊस पातळ पसरला, एवढंच. म्हणून क्रॉपवरची १७-५० एफ २.८ झूम विकून फुल फ्रेमवर २४-७० एफ ४ घेणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. फोकल लांबी आणि एफ-आकडा दोन्हींना दीडनं गुणून पाहा: जुनी लेन्स मुळातच २५-७५ एफ ४.२ च्या तोडीची होती. हा गुणाकार दुकानात सहसा कुणी करून दाखवत नाही.

पहिल्या दोन संध्याकाळी मी एका एकांकिकेच्या तालमीला दोन्ही कॅमेरे नेले. क्रॉपवर ५० एफ १.८, फुल फ्रेमवर ८५ एफ १.८, कलाकार सहाएक मीटरवर. एकटी नायिका उभी असताना फुल फ्रेमचा फोटो पाहून जीव सुखावला. गाल गुळगुळीत, साडीच्या काठावरची वेलबुट्टी मोजून घ्यावी अशी. मग तिच्या मागे अर्ध्या पावलावर नवरा येऊन उभा राहिला आणि गंमत झाली. एवढ्या अंतरावर ८५ एफ १.८ ला जेमतेम अर्धा मीटर खोलीच रेखीव राहते. क्रॉपवर ५० ला सुमारे एक मीटर. तिचे डोळे धारदार, नवरा धुक्यात. दोघांना रेखीव धरायला छिद्र एफ ३.५ पर्यंत आवळलं, कलाकारांच्या हालचालीपायी शटरचा वेळ वाढवता येईना, तेव्हा आयएसओ १६०० वरून ६४०० वर. घरी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. उन्नीस-बीस. फरकाचे पैसे गेले कुठे, तर नवऱ्याला धुक्यातून बाहेर काढण्यात.

तिसऱ्या दिवशी पहाटे भिगवण. उजनीच्या पाणफुगवट्यावर होडीत बसून १५०-६०० ची तीच लेन्स आलटून पालटून दोन्ही बॉडींवर लावली. इथे तर हिशेब करायचीही गरज नव्हती. लेन्स तीच, अंतर तेच, म्हणजे सेन्सरवर पडलेला रोहित पक्षी मिलिमीटरमध्ये तेवढाच आणि त्याच्यावर पडलेला उजेडही तेवढाच. फुल फ्रेमनं वर दिलं काय, तर भोवतालचं जास्तीचं पाणी. ते कापून टाकलं की २४ मेगापिक्सेलमधले दहाएक उरतात. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात त्याच चौकटीत पूर्ण २४ होते. ४५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम घेतला तर कापूनही वीसेक उरतात, हे खरं, पण त्या किमतीत मोटरसायकलच्या जागी जुनी चारचाकी येते. पक्ष्यांच्या मागे फिरणाऱ्यानं, ऑटोफोकस किंवा दुसऱ्या कशासाठी घेतला तर गोष्ट वेगळी, पण निव्वळ सेन्सरच्या मापासाठी फुल फ्रेम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तो आहे कुणासाठी? ज्याला छिद्र सताड उघडं ठेवता येतं आणि वेळ वाढवता येत नाही, त्याच्यासाठी. आकाशगंगेचा फोटो घ्या. पृथ्वी फिरते, म्हणून रुंद लेन्स असली तरी वीसेक सेकंदांपुढे तारे लांबट होऊ लागतात. तारे सगळेच अनंतावर, त्यामुळे रेखीव खोलीची चिंता नाही. क्रॉपवर १६ एफ १.४ चं छिद्र ११.४ मिलिमीटर, फुल फ्रेमवर २४ एफ १.४ चं १७.१, देखावा तोच आणि उजेड सव्वादोन पट. इथे प्रत्येक रुपया दिसतो. ट्रायपॉडवर दिवसाउजेडी डोंगरदऱ्या टिपणाऱ्यालाही फायदा आहे. सगळ्यात कमी आयएसओवर मोठं अंगण काठोकाठ भरायला जास्त पाणी मावतं. शटर थोडं जास्त वेळ उघडं ठेवायचं, की सावल्यांतला तपशील स्वच्छ निघतो.

किमतीचं कारण अर्थात चिपमध्येच आहे. सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठे तुकडे थोडेच निघतात, आणि तुकडा मोठा तितकी त्यात एखादा दोष सापडण्याची शक्यता जास्त. शिवाय चिप छापणाऱ्या नेहमीच्या यंत्राची चौकट २६ बाय ३३ मिलिमीटरची असते. ३६ चा सेन्सर तीत बसत नाही. एकतर भागाभागानं छापून सांधावा लागतो, नाहीतर मोठ्या चौकटीची वेगळी यंत्रं लागतात.

कॅमेरा परत करताना दुकानदारानं विचारलं, “मग, घेताय ना नवा?” त्याआधीच्या रात्री मी वर्षभराचे फोटो चाळले होते. निम्म्याहून जास्त पक्षी, मग नाटकं, आणि ताऱ्यांचे मोजून दोन. बॉडीच्या पैशांतला थोडा भाग बाजूला काढून क्रॉपसाठी एफ १.४ ची एक लेन्स घेतली, नायिकेच्या गालासाठी. आणि मेअखेरीच्या अमावास्येला तोच फुल फ्रेम, २४ एफ १.४ सकट, दोन रात्रींसाठी सांगून ठेवला आहे. भंडारदऱ्याला वर आकाशगंगा आणि खाली काजवे एकाच चौकटीत मिळतात का पाहायचं आहे, ढग आडवे आले नाहीत तर.