दूध आधी गाळायचे, की दही लागल्यावर?

मेम्ब्रेन गाळणी घेऊ पाहणाऱ्या दूध प्रक्रिया व्यावसायिकांसाठी

घट्ट दही करणारे ग्राहक आमच्याकडे आले की पहिला प्रश्न क्षमतेचा असतो: तासाला किती लिटर? आम्ही मात्र त्याआधी एक गोष्ट विचारून घेतो. गाळणी विरजणाच्या आधी लावणार की नंतर? दह्याची चव, ते लागायला जाणारा वेळ आणि गाळून निघालेल्या पाण्याची विल्हेवाट, सगळे यावर ठरते.

या कामाला लागते ती अल्ट्राफिल्ट्रेशन मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा गाळणारा पडदा. तिच्यातून पाणी, लॅक्टोज (दुधातली साखर) आणि विरघळलेले क्षार पलीकडे जातात. स्निग्धांश आणि केसीन (दुधातले मुख्य प्रथिन) अलीकडे राहतात, आणि फडक्यात चक्का बांधताना निवळीबरोबर जी प्रथिने वाहून जातात तीही इथे वाचतात. १९६९ मध्ये मोब्वा, मोको आणि वासाल या फ्रेंच संशोधकांनी दूध साकळण्याआधीच असे घट्ट करून चीज करण्याची पद्धत मांडली. आजच्या घट्ट दह्याच्या यंत्रांमागे तोच विचार आहे.

आधी गाळले तर

साय काढलेले १०० लिटर दूध एक तृतीयांशावर आणले, की ३.३ टक्क्यांच्या आसपास असलेली प्रथिने साडेनऊ टक्क्यांच्या पुढे जातात. पलीकडे साधारण ६७ लिटर पाणी जमते आणि त्यात तीन किलोच्या आसपास लॅक्टोज असते. हे पाणी आंबट नसते, म्हणून त्याचा उपयोग करणे सोपे जाते. लॅक्टोज काढता येते किंवा त्यावर पुढचे किण्वन करता येते.

अडचण येते ती कॅल्शियमची. दुधातले सुमारे दोन तृतीयांश कॅल्शियम फॉस्फेटसह केसीनच्या कणांना बांधलेले असते. ते मेम्ब्रेनमधून जात नाही, प्रथिनांबरोबर घट्ट दुधातच साठते. प्रथिने आणि फॉस्फेट दोन्ही आम्ल शोषून घेतात, त्यामुळे पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितके दही आंबट) ४.६ पर्यंत उतरवायला विरजणाला एरवीपेक्षा बरेच जास्त आम्ल तयार करावे लागते. दही उशिरा लागते. दूध फार घट्ट केले असेल तर सुटलेल्या कॅल्शियममुळे जिभेवर किंचित कडवट, खडूसारखी चव राहते.

इथे बरेच जण एका ठिकाणी फसतात. अल्कलीचे थेंब टाकून आम्लता मोजायची सवय असेल, तर ताजे, अजिबात न आंबलेले घट्ट दूधही जास्त आम्लता दाखवते. दूध खराब झाले असे समजून ते ओतून देऊ नका. दही लागले की नाही हेही त्या आकड्यावर ठरवू नका. पीएच मीटरच वापरा आणि तो रोज तपासून घ्या.

नंतर गाळले तर

दूध आंबताना कॅल्शियम केसीनपासून सुटते आणि पाण्याबरोबर निघून जाते. चव मऊ लागते, विरजणही नेहमीच्या वेळेत काम करते. पण हाती उरते ती आंबट निवळी. लॅक्टिक आम्लामुळे तिची भुकटी करताना ती चिकट होते, आणि सांडपाण्यात सोडली तर तिचा भार घरगुती सांडपाण्याच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त पडतो. शिवाय पंपातून जाताना दह्याची घडण मोडते, नंतर ते घोटून एकजीव करावे लागते.

आमचे मत स्पष्ट आहे. आंबट निवळीची सोय आधीच झालेली नसेल, तर दूध आधी गाळा आणि घट्टपणाचा हव्यास धरू नका. निवळीची सोय असेल आणि तुमचे दही चवीवर विकले जात असेल, तर नंतर गाळण्याचा खर्च जरूर करा.

कोणताही मार्ग घेतला तरी गाळणीकडून नको त्या अपेक्षा ठेवू नका. प्रतिजैविकांचे अंश इतके लहान असतात की ते दोन्ही बाजूंना राहतात. अशा दुधात विरजण मंदावते किंवा मरते. पाश्चरायझेशनही टाळता येत नाही.

धुण्याबद्दल

मेम्ब्रेन बहुतेक वेळा दुधाने नाही, चुकीच्या धुण्याने जाते. काम संपताच, थर वाळायच्या आत, पाण्याने धुवा. मग प्रथिनांसाठी अल्कली, त्यानंतर क्षारांच्या थरासाठी आम्ल. पाणी जड, म्हणजे क्षारांचे असेल तर ते मऊ करून घ्या, नाहीतर धुतानाच नवा थर बसतो. पीएच, तापमान आणि क्लोरीनच्या मर्यादा प्रत्येक मेम्ब्रेनच्या वेगळ्या असतात, त्या ओलांडू नका. दुधाचा प्रवाह मंदावला म्हणून दाब वाढवू नका. त्याने प्रथिनांचा थर आणखी घट्ट दाबला जातो.

नवी मेम्ब्रेन बसवली त्याच दिवशी, ठरलेल्या तापमानाला आणि दाबाला, स्वच्छ पाणी तासाला किती लिटर पलीकडे जाते ते मोजून वहीत लिहा. प्रत्येक धुण्यानंतर त्याच तापमानाला, त्याच दाबाला पुन्हा मोजा. आकडा लागोपाठ घसरू लागला तर ती वही घेऊन आमच्याशी बोला.