जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातली ठकठक : इंजिन खोलण्याआधी हे वाचा

जुनी गाडी आवाज करायला लागली की ग्राहकाच्या मनात एकच धास्ती असते : क्रँक, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा, गेला. बहुतेकांना तसे कुणीतरी आधीच सांगितलेलेही असते. क्रँक जातो हे खरे, पण ठकठकीची बरीचशी कारणे त्याहून किरकोळ असतात आणि काही तर इंजिनाच्या बाहेरच सापडतात. म्हणून आम्ही इंजिन सगळ्यात शेवटी खोलतो आणि त्याआधी तुम्हाला भरपूर प्रश्न विचारतो. तुम्ही कंटाळता, पण तुमच्या खिशाला तेच परवडते.

आवाज कधी येतो ते सांगा

आवाज कुठून येतो हे ग्राहक बोट दाखवून सांगतात. त्यावर आम्ही फारसे विसंबत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमधून आवाज कुठूनही कुठे पोहोचतो. कान हेडकडे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाकडे, जातो आणि दोष खाली मॅग्नेटपाशी, म्हणजे क्रँकच्या टोकावर बसवलेल्या चुंबकाच्या चाकापाशी, निघतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आवाज कधी येतो, कधी जातो, ही माहिती मात्र सहसा फसवत नाही.

पहिल्या किकला ठकठक येते आणि इंजिन तापले की विरून जाते? मग बहुधा पिस्टन आणि ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) यांमधली फट वाढली आहे. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, आतला लायनर लोखंडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम जवळपास दुपटीने फुगते आणि फट कमी होते. निळा धूर येत नसेल, तेल कमी होत नसेल, तर अशी गाडी बराच काळ चालते. घाईने बोअर करून (सिलिंडर आतून कापून) घ्या असे आम्ही सांगणार नाही.

याच्या उलट असेल, म्हणजे थंड इंजिन शांत आणि गरम झाल्यावर खालून जड, बद्द ठोका, तर प्रकरण गंभीर आहे. तेल तापून पातळ होते आणि बेअरिंगची झीज उघडी पडते. चढावर थ्रॉटल देताना ठोका वाढत असेल तर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे बेअरिंग, म्हणजे बिग एन्ड, गेल्याचा संशय घ्यायचा. अशी गाडी चालवत आणू नका, टेम्पोत घालून आणा. रॉड तुटला तर तो क्रँककेस फोडून बाहेर येतो आणि धावत्या गाडीचे मागचे चाक जाम होऊ शकते.

वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, चढावर रेस दिली की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि खालचा गिअर टाकला की थांबतो, हे वेगळेच दुखणे. इथे पार्ट झिजलेला नसतो, पेट्रोल आणि हवेचे मिश्रण नको तेव्हा आणि नको तसे पेटत असते. हेडमध्ये साचलेला कार्बन, पुढे सरकलेले इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), पेट्रोल कमी देणारा कार्बोरेटर किंवा नुसते जास्त तापलेले इंजिन. दुर्लक्ष केले तर पिस्टनचा माथा खाल्ला जातो.

वरून येणारी बारीक टिकटिक रेसच्या मानाने संथ वाटत असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या कॅमचा एक होतो. १२०० आरपीएमला (मिनिटाला १२०० फेरे) क्रँक सेकंदाला २० वेळा फिरतो, पण प्रत्येक व्हॉल्व्ह १० वेळाच उघडतो. टॅपेट थंड इंजिनावर, कंपनीने दिलेल्या मापाला, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सेट करतो. थोडी टिकटिक राहणारच. ‘एकदम मुके करून द्या’ ही मागणी आम्ही मान्य करत नाही. टॅपेट घट्ट झाला की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये जात नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. तोही आवाज न करता.

थ्रॉटल सोडताना खडखड होत असेल तर क्रँकवरून कॅम फिरवणारी टायमिंग चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर बघतो. क्लचची मूठ दाबल्यावर आवाज बदलत असेल तर क्लच किंवा गिअरबॉक्सच्या बाजूला शोधायचे.

आवाज सुरू होण्याआधी गाडीत काय काम झाले?

आमच्या मते हा सगळ्यात कामाचा प्रश्न, आणि ग्राहक नेमके हेच सांगायचे विसरतात. किंवा दुसरीकडे काम केले म्हणून संकोचाने सांगत नाहीत. कृपया संकोच करू नका.

नुसत्या रिंगा बदलल्या आणि तेव्हापासून टकटक सुरू झाली? जुन्या बोअरमध्ये वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथे बारीक पायरी तयार झालेली असते. नखाला लागते ती. झिजलेली जुनी रिंग तिच्याखाली थांबायची. नवी, पूर्ण धारेची रिंग तिच्यावर आपटते. प्लग बदलला असेल तर त्याच्या आट्यांची लांबी तपासतो, कारण लांब प्लगचे टोक पिस्टनला लागू शकते. मॅग्नेटचा कव्हर उघडला होता? मग मॅग्नेटचा नट नीट आवळला नसेल किंवा त्याला क्रँकवर अडकवणारी छोटी चावी झिजली असेल. सैल मॅग्नेट हुबेहूब बिग एन्डसारखा ठोकतो. नट आवळून मिटणाऱ्या आवाजासाठी अख्खे इंजिन खाली उतरवायची वेळ येऊ नये, म्हणून आम्ही तो कव्हर पहिल्यांदा काढतो.

गॅस्केटला सिलिकॉनची पेस्ट भसाभसा लावली असेल तर दाबून आत आलेले तिचे तुकडे तेलाच्या वाटा बुजवतात. मग तळाशी तेल भरपूर आणि हेड कोरडे.

इंजिनाबाहेरचे आवाज पटकन तपासून होतात : इंजिन फ्रेमला धरणारे फाउंडेशन बोल्ट, सैल साखळी, हललेला सायलेन्सर. एक्झॉस्टच्या तोंडाशी गॅस्केट फुटले तर येणारी फटफट टॅपेटसारखीच ऐकू येते. आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो की इंजिनाच्या रेसबरोबर, एवढे बघून ठेवा.

आणण्याआधी

तेलाची पातळी बघा. गाडी सरळ उभी, इंजिन बंद करून काही मिनिटे झालेली; डिपस्टिक आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. तेल अगदी कमी असेल आणि ठोका येत असेल तर इंजिन पुन्हा चालूच करू नका.

तेल मात्र बदलून आणू नका. आवाज दबावा म्हणून जाड तेल तर नकोच. आवाज काही दिवस दबतो, झीज चालूच राहते. जुने तेल आमच्यासाठी पुरावा असते. ते गाळून, जाळी काढून, चुंबक फिरवतो. चिकटले ते पोलाद : बेअरिंग, गिअर किंवा चेन. न चिकटणारी चंदेरी चमक बहुधा पिस्टनची किंवा केसिंगची, पिवळे कण बुशचे, म्हणजे आत बसवलेल्या पितळी नळकांड्यांचे.

इंजिन न खोलता शेवटची तपासणी

मॅग्नेट घट्ट आहे याची खात्री झाली की प्लग काढतो, पिस्टन अर्ध्या वाटेवर आणतो आणि प्लगच्या भोकातून लाकडाची बारीक काडी पिस्टनवर टेकवतो. मग मॅग्नेट हाताने किंचित मागे-पुढे करतो. काडी लगेच हलली पाहिजे. मॅग्नेट हलतो आणि काडी जागची ढळत नाही, असे झाले तर पिस्टन पिनमध्ये किंवा बिग एन्डमध्ये खेळ (सैलपणा) आहे. हे तुम्हाला समोर उभे करून दाखवतो, तुमचे बोटही काडीला लावू देतो. त्यानंतरच हेड-ब्लॉक उतरवायची परवानगी मागतो.

ब्लॉक उतरल्यावर रॉड उभा ओढून बघतात. डावीकडे-उजवीकडे तो थोडा सरकतोच, तशी जागा मुद्दाम ठेवलेली असते. तेवढे बघून ‘क्रँक गेला’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उभा खेळ बोटाला जाणवला तर मात्र रॉड किट (नवा रॉड, पिन आणि बेअरिंग) टाकावे लागते. बऱ्याच जुन्या गाड्यांचा क्रँक दाबून बसवलेला असतो. तो प्रेसवर सोडवायचा, पुन्हा बसवायचा आणि मग सेंटरवर फिरवून डायल गेजने सरळ करायचा. वाकडा बसलेला क्रँक नवीन बेअरिंगही खातो. हे काम घाईत होत नाही. गाडी त्याच संध्याकाळी परत हवी असेल तर आधीच सांगा, म्हणजे आम्ही तेव्हाच नाही म्हणू.