कार्डावरचा तिळाएवढा भाग निखळला तर

चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायला ग्राफिक्स कार्ड उघडलं, स्क्रूड्रायव्हर निसटला आणि टेबलावर तिळाहूनही लहान असा तपकिरी तुकडा पडला. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच कार्डांची कहाणी इथून सुरू होते. दिवाळीच्या साफसफाईनंतर तर हमखास. असं कार्ड बहुतेक वेळा वाचतं. जे वाचत नाही, त्याचं नुकसान पुढच्या अर्ध्या तासात घरीच झालेलं असतं.

म्हणून आधी एवढं करा. ‘चालतंय का बघू’ म्हणून कार्ड पुन्हा लावू नका. तुकडा सापडला तर सेलोटेपवर चिकटवून ठेवा. तो बहुधा सिरॅमिक कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा छोटा भाग) असतो आणि त्याच्यावर आकडा छापलेला नसतो, त्यामुळे किती क्षमतेचा होता हे नुसतं पाहून कळत नाही. तुकडा हाती असला की मोजता येतो. नसला तर तशाच दुसऱ्या बोर्डावरून किंवा शेजारच्या जोडीदारावरून शोधावं लागतं, आणि त्यात वेळ जातो. जिथून तुटला त्या जागेचा मोबाइलवर जवळून फोटो काढून पाठवा. निम्मं निदान त्यातच होतं.

नेमकं कुठून तुटलं?

स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्टीच्या वरच्या बाजूला छोट्या कपॅसिटरांची रांग असते. कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या १६ लेन, म्हणजे सिग्नलच्या वाटा, असतात, आणि कार्डाकडून मदरबोर्डाकडे सिग्नल नेणाऱ्या प्रत्येक लेनला दोन, असे एकूण ३२. यातला एक गेला की ती लेन बंद पडते. गंमत अशी की कार्ड बहुधा चालूच राहतं, फक्त १६ ऐवजी ८, ४ किंवा एकाच लेनवर. म्हणजे ‘गेम अडखळतोय’ अशी तक्रार घेऊन लोक महिनाभर ड्रायव्हर बदलत बसतात. जीपीयू-झेड नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘बस इंटरफेस’ची ओळ बघा: कार्ड १६ लेनचं आणि चालतंय ८ वर, असं दिसलं तर ही रांग तपासायलाच हवी. (काही कार्डं मुळातच ८ लेनची असतात, आणि काही मदरबोर्डांवर दुसऱ्या स्लॉटला लेन कमी मिळतात. तेवढं आधी पाहून घ्या.)

हे काम आमच्यासाठी सोपं. मायक्रोस्कोपखाली फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ) लावून नवा कपॅसिटर बसवायचा. अवघड होतं ते पॅड उखडलं असेल तर. कपॅसिटर ज्या तांब्याच्या चौकोनावर बसतो तोच निघून आला, की केसाएवढ्या बारीक तारेने ट्रॅक पुन्हा जोडावा लागतो. घरच्या जाड टोकाच्या सोल्डरिंग गनने कुणी प्रयत्न केला असेल तर पॅड जवळपास नेहमीच गेलेलं असतं. रागावत नाही, पण खर्च वाढतो हे खरं.

वीजपुरवठ्याच्या भागात तुटलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे १२ व्होल्ट येतात आणि मॉस्फेट, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करणारे स्विच, त्यांचे साधारण १ व्होल्ट करून मुख्य चिपला देतात. ३०० वॅटच्या हिशेबाने हा प्रवाह शेकडो अँपिअरचा झाला. इथला कपॅसिटर पूर्ण निघून गेला तर कार्ड कधी कधी चालतं, नाहीतर भार आल्यावर बंद पडतं. अर्धवट तडकला असेल तर त्याचे आतले थर एकमेकांना चिकटून शॉर्ट होतात: पंखा एकदा हलतो आणि पॉवर सप्लाय स्वतःला बंद करून घेतो. सर्वांत वाईट म्हणजे १२ व्होल्टकडच्या बाजूचा मॉस्फेट शॉर्ट होणं. मग १२ व्होल्ट थेट १ व्होल्टच्या चिपवर जातात. म्हणून ‘परत एकदा लावून बघितलं’ हे वाक्य ऐकलं की आमच्या पोटात गोळा येतो.

कार्ड आलं की आम्ही वीज न देता आधी मल्टीमीटरने प्रत्येक पुरवठ्याचा रोध मोजतो. मोठ्या चिपचा रोध मुळातच एक ओहमपेक्षा कमी असू शकतो, त्यामुळे मीटर बीप वाजवतं. तेवढ्यावरून ‘चिप शॉर्ट आहे, कार्ड फेकून द्या’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर एकदा दुसरीकडेही दाखवा. खरा शॉर्ट असेल तर त्या पुरवठ्याला कमी व्होल्टेज देऊन कुठला भाग तापतो ते थर्मल कॅमेऱ्याने शोधतो. कॅमेऱ्याशिवायही जमतं: वर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरलं की तापलेल्या भागावरचं आधी उडतं.

ओव्हनमध्ये कार्ड भाजण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं. तितक्या उष्णतेत कनेक्टरचं प्लास्टिक आणि डबीसारखे कपॅसिटर आधी खराब होतात. तुटलेला भाग त्याने परत येत नाही, हे तर उघडच आहे.

मुख्य चिपच जळली असेल, किंवा वजनाने वाकून बोर्डाच्या आतल्या थरांना तडा गेला असेल, तर आम्ही बहुधा नाही म्हणतो. तसं असेल तर तपासणीनंतर लगेच कळवू; तुमच्या होकाराशिवाय पुढचं काम सुरू होणार नाही. वॉरंटी शिल्लक असेल आणि काही तुटलेलं नसेल, तर आधी कंपनीकडेच जा.

कुरिअरने पाठवताना कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, मग फोम, मग कडक खोका. थर्माकोलचे सुटे दाणे नकोत. सेलोटेपवरचा तुकडा वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर लिहा, नाहीतर कचरा समजून आम्हीच टाकून देऊ.