विदेशी सून किंवा जावयासाठी भारतीय नागरिकत्व : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड अशा शहरांतून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेली मुले-मुली जेव्हा विवाहानंतर जोडीदारासह परततात, तेव्हा आमच्या कार्यालयात बहुधा पहिला प्रश्न येतो तो कायमच्या वास्तव्याचा. अनेक देशांत नागरिकत्वाच्या आधी कायम निवासाचा परवाना मिळतो; सर्वसामान्य कुटुंबासाठी तशी पायरी भारतात नाही. 2016 मध्ये तसा दर्जा देणारी योजना आली खरी, परंतु ती किमान 10 कोटी रुपये गुंतवणाऱ्या विदेशी गुंतवणूकदारांसाठी आहे. कुटुंबासमोर मुख्यतः दोन मार्ग राहतात : ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे विदेशी नागरिकत्व न सोडता भारतात दीर्घकाळ राहू देणारे कार्ड), किंवा नागरिकत्व अधिनियम, 1955 अन्वये नोंदणीने मिळणारे नागरिकत्व.

ओसीआय कार्डासाठी विवाह नोंदणीकृत असावा लागतो आणि अर्जाच्या लगतपूर्वी तो सलग किमान दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. देवळातील विवाहाची छायाचित्रे नोंदणीची जागा घेत नाहीत. अर्जदार स्वतः, आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणीही पाकिस्तान अथवा बांगलादेशचे नागरिक असतील किंवा पूर्वी कधी राहिले असतील, तर हा मार्ग बंद आहे. कार्डधारकास मतदानाचा हक्क नसतो आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. सूनबाईंच्या नावे दोन एकर करून द्यावी, या हेतूने सासऱ्यांनी बक्षीसपत्राची तयारी केल्याचे आम्ही पाहिले आहे. तेही चालत नाही. वारसाहक्काने मात्र शेतजमीन मिळू शकते. शेती हाच कुटुंबाचा आधार असेल, तर निर्णयाआधी या मुद्द्याचा पूर्ण विचार व्हावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

नागरिकत्वाच्या अर्जात खरी कसोटी दिवसांच्या हिशेबाची असते. भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या व्यक्तीने अर्जाच्या लगतचे 12 महिने सलग भारतात राहिलेले असावे आणि त्या 12 महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षे येथे वास्तव्य केलेले असावे. म्हणजे त्या आठ वर्षांत माहेरी जाणे-येणे मिळून दोन वर्षांपर्यंतची अनुपस्थिती चालते, परंतु शेवटच्या वर्षात केलेला छोटा प्रवासही अडचण निर्माण करतो. विशेष परिस्थितीत केंद्र सरकार या 12 महिन्यांत एकूण 30 दिवसांपर्यंत सवलत देऊ शकते. तो हक्क नव्हे, म्हणून तिच्या भरवशावर तिकीट काढू नये. पाच वर्षे ओसीआय कार्डधारक असलेल्या आणि अर्जापूर्वी 12 महिने भारतात राहिलेल्या व्यक्तीस वेगळ्या तरतुदीखाली अर्ज करता येतो. आपल्या मुलाने किंवा मुलीने स्वतः परदेशी नागरिकत्व स्वीकारले असेल, तर त्यांचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते आणि भारतीय नागरिकाचा जोडीदार म्हणून अर्ज करण्याचा पहिला मार्ग उरत नाही. हे आम्ही सर्वांत आधी तपासतो.

आमच्या अनुभवात अर्ज सर्वाधिक अडतात ते नावामुळे. आपल्याकडे विवाहानंतर सुनेचे नाव बदलते, मधले नाव पतीचे व आडनाव सासरचे होते, आणि हौसेने पहिले नावही नवे ठेवले जाते. मग विवाह प्रमाणपत्रावर एक, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर माहेरचे तिसरे नाव दिसते. ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करण्यात महिने जातात. म्हणून पासपोर्टवरील नाव बदलेपर्यंत इतर कोणत्याही कागदावर नवे नाव लावू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. पूर्वजांच्या भारतीय मूळाच्या आधारे अर्ज करणाऱ्या ग्राहकांनी निजामकालीन उर्दू कागदपत्रे टाकाऊ समजू नयेत. त्यांचे प्रमाणित भाषांतर करून घेता येते.

अर्ज ऑनलाइन भरला जातो, जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत राज्य शासनाकडे व तेथून केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. मधल्या काळात चौकशीसाठी पोलीस घरी येतात. घरातील सर्वांनी शांतपणे खरी माहिती द्यावी. व्हिसाची मुदत या काळात संपू देऊ नये, कारण अर्ज प्रलंबित असणे म्हणजे राहण्याची परवानगी नव्हे.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे मूळ देशाचे नागरिकत्व सोडावे लागते. ते केव्हा सोडावे, यात चूक झाल्यास व्यक्ती कोणत्याच देशाची राहत नाही. गृहमंत्रालयाचे स्वीकृतिपत्र हाती आल्याशिवाय मूळ नागरिकत्वाचा त्याग करू नये. स्वीकृतीनंतर त्यागाचा पुरावा सादर करून व निष्ठेची शपथ घेऊन प्रमाणपत्र मिळते. हा निर्णय सूनबाईंचा किंवा जावयांचा स्वतःचा असावा, म्हणून पहिल्या भेटीस आम्ही त्यांच्याशी, त्यांना समजेल त्या भाषेत, स्वतंत्रपणे बोलतो.

आमचे शुल्क कागदपत्रे तपासण्याचे व अर्ज तयार करण्याचे आहे. मंजुरीची हमी आम्ही देत नाही आणि अन्य कोणी देत असल्यास विश्वास ठेवू नये. भेटीस येताना विवाह प्रमाणपत्र आणि जुने-नवे सर्व पासपोर्ट सोबत आणावेत. मुदत संपलेला पासपोर्टही आणावा, कारण दिवसांची मोजणी त्यातील शिक्क्यांवरूनच करावी लागते.